डाव्या बाजूची बहीण

अक्का, काल संध्याकाळी मेहरूणच्या तलावाकाठी तू माझ्या पुढे चालत होतीस. तीच जांभळी काठाची साडी, तीच जराशी डावीकडे कललेली चाल, आणि दर दहा पावलांनी डाव्या खांद्यावरचा पदर पुढे ओढायची तीच सवय. मला ठाऊक होतं की तू गेलीस. सांत्वनाला, दारावर बसायला, मी स्वतः तुझ्या गावी येऊन गेले होते. तरी मी पाय उचलले आणि तुझ्यामागे जवळजवळ पळत गेले. बाकाजवळ ती बाई थांबली, वळली. कुणी तरी वेगळीच होती. कपाळावर घाम, नातीला हाक मारत होती. मी तिला रस्ता विचारल्यासारखं काही तरी पुटपुटले आणि परत फिरले. घरापर्यंत येताना पाठीमागे तुझ्या चपलांचा आवाज येत राहिला.

असं आता वरचेवर होतं. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईचा हात तुझा वाटतो. बाजारात कुणी अहिराणीत भाव करत असलं की मी भाजी सोडून त्या आवाजाकडे बघते. आणि रोज सकाळी ब्लाऊज घालताना तर तू असतेसच, कारण तू शिवलेली ती कापसाची पिशवी अजून मी डाव्या बाजूला ठेवते. दुकानातली सिलिकॉनची महागडी वस्तू माझ्या कपाटात पडून आहे. तुझी पिशवी मऊ आहे. घरच्या कपाशीचा कापूस, आणि वजनाला आत मूठभर ज्वारी. देताना म्हणाली होतीस, "घाम वना ते कोंब फुटतीन, सांभाळ." केमोच्या हॉलमध्ये सगळ्या बायका हसल्या होत्या. सलाईन बदलणारी नर्ससुद्धा.

आपली ओळख त्याच हॉलमधली. तू शिंदखेड्याकडच्या खेड्यातून आलेली, उपचारापुरती नशिराबादला बहिणीकडे राहणारी. मी जळगावचीच, शाळेत भूगोल शिकवणारी. शेजारशेजारचे दोन पलंग, दोघींच्या हाताला ते लाल औषध लावलेलं. मी डोळे मिटून पडले होते. तू सरळ विचारलंस, "तुनी कोनती काढी?"

असा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. भेटायला येणारे सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलायचे, मानेखाली नजर जाऊ नये म्हणून धडपडायचे. मी म्हटलं, "डावी."

"मनी बी डावीच," तू म्हणालीस. "आपन डाव्या बहिनी झाऊत मंग."

मला सख्खी बहीण नाही, अक्का. ते तुला पुढे कधी तरी सांगितलं मी, पण त्या दिवशी त्या एका वाक्यानं मला काय झालं, ते सांगायचं राहून गेलं.

रुबिनानं दर गुरुवारी चित्रांचा वर्ग सुरू केला तेव्हा तू सगळ्यात जास्त कटकट केलीस. रुबिना म्हणजे लहानखुरी, शांत मुलगी. चित्रकलेची पदवी घेतलेली, आणि आजारी माणसांसोबत चित्रांतून काम कसं करायचं ते पुण्याला जाऊन शिकून आलेली. तिचे वडील जळगावात साइनबोर्ड रंगवायचे. व्यायामाच्या खोलीला लागून असलेली एक लांबट खोली दवाखान्यानं तिला दिली होती. तिथे सतरंजी, दोन टेबलं, तेलखडू, रंगांच्या बाटल्या. तू दारातच उभी राहून म्हणालीस, "मी आठे सुई लेवाले येस, चित्र काढाले नही."

"नका काढू, अक्का," रुबिना म्हणाली. "बसा नुसत्या. पंखा आहे इथे."

पंख्यासाठी बसलीस. बाकी आम्ही घरं, डोंगर, नारळाची झाडं असलं शाळेतलं काढत होतो. तू काळा खडू उचललास आणि कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घासत सुटलीस. खडू मोडला तेव्हा तुकडा घेतलास. कागद पूर्ण काळा झाला, बोटं काळी झाली. रुबिना शेजारी येऊन बसली आणि हळूच विचारलं, हे काय आहे.

"कपाशीनं वावर शे," तू म्हणालीस. "अमावास्यानी रातनं."

सगळ्या हसल्या. तू नाही हसलीस. त्या दिवशी तू बहिणीकडे जाऊन पहिल्यांदा सलग झोपलीस, असं पुढच्या गुरुवारी सांगितलंस, आणि स्वतःहून काळा खडू मागितलास.

रुबिनानं आम्हाला कधी खोटी आशा लावली नाही. चित्रानं गाठ विरघळत नाही, हे ती पहिल्याच दिवशी बोलली होती. पण ती मोठे कागद भिंतीला चिकटवायची, उंच. रंगवायला हात वर न्यावा लागायचा. ऑपरेशननंतर तुझा हात सुजलेला, खांद्याच्या वर जात नव्हता. व्यायामाला बोलावलं की तू कारणं सांगायचीस. आणि आभाळ रंगवायच्या नादात तो हात एक दिवस तुझ्या डोक्याच्या वर गेला. तुझ्या लक्षातच आलं नाही. मी बघितलं, रुबिनानं बघितलं, आम्ही गप्प राहिलो. महिनाभरानं तू चार दिवस गावी गेलीस तेव्हा फोनवर सांगितलंस की फळीवरचा पिठाचा डबा तू स्वतः खाली काढलास, सुनेला हाक मारली नाहीस. तेवढंच सांगायला फोन केला होतास.

अधूनमधून रुबिना सगळ्यांना काही प्रश्न विचारायची, डॉक्टरांना हवे असायचे म्हणून. झोप लागते का, जिना चढता येतो का, घरच्यांशी बोलावंसं वाटतं का. त्यात एक प्रश्न होता, आरशात बघताना संकोच वाटतो का.

"घरमातला आरसाच काढी टाका मी," तू म्हणालीस.

रुबिनाचा हात थांबला. हे उत्तर तिच्या कागदावरच्या हो-नाहीत बसत नव्हतं. तू मात्र पुढचा प्रश्न काय म्हणून तिच्याकडे बघत होतीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते चित्र झालं. रुबिना म्हणाली, आज आपलं शरीर काढायचं, जसं वाटेल तसं. मी झाड काढलं, डाव्या बाजूची फांदी नसलेलं, आणि तिथे एक पक्षी बसवला. धुळ्याच्या एका वहिनींनी छातीच्या जागी कमळ काढलं. कुणी फुलपाखरू. तू आमच्या कागदांवरून फिरून आलीस आणि म्हणालीस, "आठे फुलं कोठे शेतस? आठे टाका शेतस."

मग तू बसलीस. तुझा तो तपकिरी रंग मी विसरत नाही. बाटलीतला नव्हता तो, तू तीन रंग ताटलीत कालवून केला होतास आणि मनगटाला लावून बघितलास. गळा, गळ्यात पोत, उजवीकडे वयानं ओघळलेला स्तन जसा असतो तसाच, आणि डावीकडे सपाट जागा. तिच्यावर काखेपर्यंत गेलेली ती तिरकी रेघ, गोधडीला मारतात तसे टाके घालत काढलेली. वर चेहरा. चेहऱ्यावर दुःख बिःख काही नव्हतं. ती बाई कागदातून सरळ बघत होती, कुणी दार वाजवल्यावर बघावं तशी.

धुळ्याच्या वहिनी उठून बाहेर गेल्या. मला तुझ्या कागदाकडे बघवेना आणि नजर काढवेना. माझ्या अंगावर जे होतं ते पहिल्यांदा मी बाहेरून बघत होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चित्रं लावायचं ठरलं तेव्हा रुबिनानं तुला विचारलं. तू नको म्हणालीस. मी मध्ये पडले. म्हटलं, नव्यानं येणाऱ्या बायकांना किती धीर येईल.

"मी बाजार मांडाले नही काढं हाई."

"मग कशाला काढलंस?"

तू कागद गुंडाळून पिशवीत घातलास. बसस्टँडपर्यंत आपण एकाच रिक्षात गेलो, आणि रिक्षात मी दुसराच प्रश्न काढला. नानांनी बघितलंय का हे, म्हणजे चित्र नाही, तुला?

तुझे यजमान नाना. उपचाराच्या प्रत्येक फेरीला ते गावाहून गाडीनं जळगावला यायचे, पांढरी टोपी, हातात डब्याची पिशवी, आणि बायकांच्या खोलीत यायचं नाही म्हणून बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. तुझ्याकडे बघताना त्यांची नजर तुझ्या पायांवर असायची.

"त्यासनी कधी इचारं नही," तू म्हणालीस. "मी कधी दखाडं नही."

"कधीच?"

"दार लाईसन आंग धोस. अंधारमा लुगडं बदलस. त्यात काय?"

मी तुला सांगितलं की माझ्या नवऱ्यानं माझी ऑपरेशनची नळी साफ केली, पट्टी बदलली, पहिल्या दिवशी घाबरत आणि नंतर सवयीनं. सांगितलं की त्यानंतर घरात माझा श्वास मोकळा झाला. तू शांतपणे ऐकलंस.

"तुनं नशीब," म्हणालीस. "आमना नानानं तसं नही. म्हैस व्यायनी तरी त्यासना डोयामा पानी येस. त्यासले हाई दखाडीसन मी काय करू?"

"पण अक्का, त्यांना वाटत असेल की तू त्यांना लांब ठेवतेस."

"वाटू दे. झोप ते लागस त्यासले."

हा वाद आपण नंतर किती वेळा घातला. केमो संपली, तू गावी गेलीस, तरी गुरुवारी येत राहिलीस, आणि जेवणाच्या डब्यावर मी पुन्हा तिथेच यायचे. तू पुन्हा तेच म्हणायचीस. आपण दोघी हट्टी. एकदा तू चिडून म्हणालीस की शाळेतल्या पोरांसारखं मला शिकवू नको, आणि त्या दिवशी माझ्या डब्यातली भाजी घेतली नाहीस. पुढच्या गुरुवारी मात्र माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आलीस. वाद तिथल्या तिथेच राहिला.

मग तुझी पाठ दुखायला लागली. तपासात निघालं की आजार हाडांत उतरलाय. डॉक्टरांनी पुन्हा औषधं सुरू केली, तू काही फेऱ्या घेतल्यास आणि मग स्वतःच थांबवलंस. मी फोनवर रडले, रागावले. तू म्हणालीस, "बस झायं, बाई. आते माले मना घरमा बसू दे." तुझी आणि माझी गाठ एकाच बाजूची, औषध एकाच बाटलीतलं, हॉल एकच. माझे रिपोर्ट दर वेळी चांगले येतात आणि मी ते हातात घेऊन जिन्यात उभी राहते. आनंद होतो, आणि लगेच तुझा आवाज येतो. त्या आवाजात तक्रार नसते, म्हणूनच तो सहन होत नाही.

शेवटचा फोन दुपारचा होता. तुझा आवाज फार बारीक झाला होता. विचारलंस, गुरुवारी काय काढलं. मी म्हटलं, नदी.

"मी नदी नही काढी कधी," तू म्हणालीस. "तापी दखेल शे मी पुरमा. ती मनाकडथीन कागदमा मावाव नही."

मी हसले. तू दम घेतलास. मग म्हणालीस, "बाई, ते चित्र..."

आणि मागे कुणी तरी आलं. भांड्याचा आवाज झाला, सुनेनं फोन घेतला, म्हणाली, ताई, सासूबाईंना औषध द्यायचंय, मग लावते. मग तिनं लावला तो तू गेल्याचं सांगायलाच.

ते चित्र काय, अक्का? त्या वाक्याचं पुढचं अर्धं मी इतक्या तऱ्हांनी पूर्ण केलं आहे. ते चित्र जाळून टाक. ते चित्र घेऊन जा. ते चित्र नानांना दाखव. भांडी घासताना, वर्गात नकाशा लावताना, तुझा आवाज येतो आणि तिथेच तुटतो.

मी आणि रुबिना तुझ्या दारावर आलो तेव्हा मांडवात पुरुष बसले होते, आत बायका. तुझी सून ज्योती आम्हाला बघून रडली. थोड्या वेळानं तिनं येऊन कानात सांगितलं, मामंजी बोलावतायत, मागच्या खोलीत.

नाना पलंगावर बसले होते. टोपी मांडीवर होती, त्यांना टोपीशिवाय मी पहिल्यांदा बघितलं. समोर तो कागद उलगडलेला. पलंगाच्या पेटीत तुझ्या लुगड्यांच्या खाली तो होता. तुझ्या अंगावर घालायला चांगलं लुगडं काढायला गेले, तेव्हा त्यांच्याच हाताला लागला. कागद पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून त्यांनी चारी कोपऱ्यांवर काही ना काही ठेवलं होतं. वाटी, कुलूप, चष्म्याचं घर, तंबाखूची डबी.

"हाई तिनी काढेल शे?" त्यांनी विचारलं.

रुबिना हो म्हणाली.

"खरंच अशी व्हती?"

रुबिनानं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, त्या चित्रानंतर एकदा आपण दोघींनी एकमेकींचं बघितलं होतं. मी म्हटलं, "हो नाना. अशीच."

त्यांनी बोट पुढे केलं. टाक्यांच्या त्या रेघेवरून काखेकडे, सावकाश, कागदाला लागू न देता, थोडं वरूनच.

"दुखे का?"

"ढग आले की ओढायचं तिथे. कधी कधी रात्री."

नानांनी कोपऱ्यावरची वाटी सरळ केली. मग म्हणाले, "माले ती सांगे, पाठ दुखस. आजार हाडमा उतरना त्याना पहिलेथीन सांगे. मी पाठले तेल लाये. ती भीतकडे तोंड करीसन पडी ऱ्हाये आन मी तेल लाये."

ज्योती दारात उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मामंजी, ठेवी द्या आते. लोके शेतस."

"राहू दे," ते म्हणाले. मग आम्हाला, "मी इचारं नही. माले वाटे, मी इचारं ते तिले वाईट वाटी. तिले वाटी, हाऊ आते मन्हामा खोट काढस."

अक्का, मी त्या खोलीत उभी होते आणि आपला सगळा वाद माझ्या डोक्यात चालू होता. रिक्षातला, डब्यावरचा, फोनवरचा. तू त्यांना वाचवत होतीस. ते तुला वाचवत होते. मध्ये एक बंद दार होतं आणि दोन्ही बाजूंनी माया होती. मला तुझ्यावर इतका राग आला की रडू आलं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "तिनी हाई माले दखाडाकरता ठेयेल व्हतं, का लपाडेल व्हतं?"

रुबिना शहाणी मुलगी आहे, तिला काही तरी गोड बोलता आलं असतं. ती म्हणाली, "नाना, मला नाही माहीत." मी शेवटच्या फोनचं सांगितलं, तुटलेलं वाक्य जसंच्या तसं. ते त्यांनी दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. ते चित्र. ते चित्र. लुगडं काढायला घरातला कोण पेटी उघडेल, हे तुला माहीत होतं का? की पाठीनं साथ सोडली आणि कागद काढून फाडायचं तेवढं राहून गेलं? तुझ्या घरून निघालो तेव्हापासून मी हेच घोळवते आहे. रुबिनाचं म्हणणं, दोन्ही असू शकतं. मला दोन्ही नकोय. मला तू हवी आहेस, सांगायला.

निघताना नानांनी टोपी घातली आणि आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत एकच विचारलं, "तठे आजून मनासारखा मानसे येतस का?"

"येतात की तुमच्यासारखे," मी म्हटलं. "बाहेर लिंबाखाली बसतात."

तेरावं झाल्यावर, परवाच्या गुरुवारी, ते आले. कुणाला कळवलं नाही, सकाळच्या गाडीनं एकटेच आले. आम्ही आत रंग कालवत होतो. खिडकीतून मी त्यांना पाहिलं आणि एक क्षण वाटलं, आता मागून तू येशील, पदर ओढत. कुणी आलं नाही. नाना आत आले नाहीत. लिंबाखाली चारपाच जण बसले होते, आमचे नवरे, मोबाईल बघणारे, चहा पिणारे. त्यांच्यात जाऊन बसले. कुणी तरी ओळखलं, विचारलं, बाई कशा आहेत. नानांनी सांगितलं. एकानं त्यांच्यापुढे चहाचा कप धरला. तो त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

"घर जाईसन बायकोले इचारा," ते म्हणाले. "काय शे, कसं शे, कोठे दुखस. दखाड म्हना. मी इचारं नही."

आत ब्रश थांबले होते. रुबिनानं पंखा बंद केला.

एरंडोलकडचा एक तरुण माणूस होता, त्याच्या बायकोचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ती आत माझ्या शेजारीच बसली होती, अजून तिनं आमच्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. तो म्हणाला, "बाबा, आणि ती नको म्हणाली तर?"

नानांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मंग दारना बाहेर बसी ऱ्हावानं," ते म्हणाले. "पन इचारानं."

माझ्या शेजारच्या त्या मुलीनं मान वर केली आणि खिडकीकडे बघितलं.